वाऱ्याच्या गावी वावडी

"उडायचा नाही," नाराओका मास्तर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या घरचा चहा प्यायला.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायला अंगी एक प्रकारचा निवांत कोडगेपणा लागतो. तो शाळामास्तरांकडे असतो. जन्मभर दुसऱ्याच्या पोरांना 'तुला जमणार नाही' असं सांगितल्यावर निवृत्तीनंतर ते सांगायचं कुणाला? मग शेजारी उरतो. हिरोसाकीत आमच्या आळीत मास्तरांच्या अगदी लगतचा शेजारी मी, फुकुशी. सफरचंदांची लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहितो. पुष्कळ वर्षं इमानानं लिहिले म्हणून कारखान्यानं मला समारंभपूर्वक एक पतंग दिला. दुसऱ्या कारखान्यांत घड्याळ देतात.

पतंग कसला, वावडीच ती! दारापेक्षा उंच, दारापेक्षा रुंद. त्यावर आमच्या त्सुगारूच्या जुन्या पद्धतीनं रंगवलेला एक सामुराई. डोळे खोबणीतून बाहेर, भुवया कपाळभर, दात करकरा चावलेले. बैठकीच्या भिंतीवर तो टांगल्यापासून माझी बायको कियोए त्याच्याकडे पाठ करून जेवायची.

"अहो, तो माझ्या वाडग्यात बघतो," ती म्हणायची.

"हा भिंतीवरचा पतंग आहे, फुकुशीसान," मास्तर पुढे म्हणाले. "रंग बघा किती थापलाय. रंगाला वजन असतं. मी विज्ञान शिकवलंय. हा उडायचा नाही."

वास्तविक तो उडावा असं तोवर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला पतंग उडवता येत नाही. लहानपणीही मी खाली उभा राहून दुसऱ्याची फिरकी धरणाऱ्यांपैकी होतो. पण माझ्या घरात, माझ्या भिंतीवरच्या, माझ्या पतंगाला माझा चहा पिऊन कुणी असं म्हणावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "उडेल."

"कधी?"

"रविवारी," मी म्हणालो.

हिशेबनिसानं तारीख कधीही देऊ नये. हे मला माहीत असायला हवं होतं.

शनिवारपर्यंत आळीतल्या प्रत्येक घरानं मला सल्ला दिला. न्हाव्याच्या मते पतंग पहाटेच उडतो, कारण पहाटे हवा ताजी असते. त्याच्या बायकोच्या मते संध्याकाळी, कारण तोवर हवा तापलेली असते. आमच्या आळीसमितीच्या अध्यक्ष सोमासान, वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून विशीतला, फाटकातूनच ओरडल्या, "शेपूट, फुकुशीसान! सगळा खेळ शेपटीत आहे! लांब लावा!" मी लांब लावली. घरात लांब असं एकच कापड होतं. ते कियोएच्या लग्नातल्या किमोनोचा पट्टा निघालं, पण हे मला ते फाटल्यावर कळलं.

रविवारी इवाकी नदीच्या बांधावर अख्खी आळी जमली. मास्तर घडीची खुर्ची घेऊन आले होते. नाटकाला यावं तसे. मी पळालो. पतंग उठला. खरंच उठला! एका मजल्याएवढा वर गेला, तिथे थांबला, इकडेतिकडे बघितलं, आणि त्याला शेजारची सफरचंदांची बाग दिसली. त्यानंतर त्यानं जो सूर मारला तो कुणाही समुद्रपक्ष्याला शोभावा असा होता.

बागेची मालकीण एक म्हातारी. ती झाडाखालून बाहेर आली. पाठीवर टोपली, डोक्याला रुमाल.

"कोण आहे हा?" तिनं सामुराईकडे बोट दाखवून विचारलं.

"पतंग आहे, आजी."

"पतंग आभाळात असतो."

"हो, तिकडेच निघाला होता."

"तोडणीला अजून पंधरवडा होता रे बाळा," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पडलेली सगळी सफरचंदं मी विकत घेतली. पुढे कितीतरी दिवस आमच्या आळीत सफरचंदाचा मुरंबा, सफरचंदाचं लोणचं, सफरचंद घातलेली आमटी असं चाललं होतं, आणि मी दारोदार पिशवी पोचवायला गेलो की पिशवी घेऊन लोक विचारायचे, "मग? उडाला का?" सगळ्यांना माहीत होतं. तिथे होते की सगळे! तरी विचारायचे.

"वारा कमी पडला," मी सांगायचो.

हेच मी मास्तरांनाही सांगितलं. त्यांनी सफरचंद कोटाला पुसलं आणि म्हणाले, "मग वाऱ्याच्या गावाला जा. ताप्पीला."

आता ताप्पी म्हणजे आमच्या त्सुगारू द्वीपकल्पाचं अगदी उत्तरेचं टोक. तिथून पुढे समुद्र आणि पलीकडे होक्काइदो. तिथल्या वाऱ्याबद्दल आमच्याकडे लहान मुलांनाही गोष्टी ठाऊक असतात. तिथे जेवायच्या काड्यांवरून शेवया उडतात. तिथे माणसं तिरकी चालतात आणि वारा पडला की पडतात. तिथली कोंबडी एकच अंडं दोनदा घालते, असं न्हावी सांगतो. म्हणजे काय ते आम्ही कधी विचारलं नाही. मास्तरांनी हे नाव टोमणा म्हणून घेतलं होतं. 'मसणात जा' म्हणतात तसं. पण फाटकात सोमासान उभ्या होत्या.

"ताप्पी!" त्या ओरडल्या. "समितीची सहल ताप्पीला न्यायची!"

समितीची सहल दरवर्षी एकाच गरम पाण्याच्या झऱ्यावर जाते. तिथे आंघोळ करायची, जेवायचं, पुन्हा आंघोळ करायची आणि परत यायचं. ताप्पीच्या ठरावावर बैठकीत दीड तास वाद झाला. केस विस्कटतील, सर्दी होईल, टोप्या जातील. शेवटी ठराव एकमतानं मंजूर झाला. माझी छाती फुगली. मग कळलं की झऱ्यावरच्या हॉटेलात यंदा छपराचं काम काढलं होतं. आयुष्यात मला मिळालेली बहुतेक यशं याच जातीची आहेत.

टोकावर दीपगृह आहे, पवनचक्क्या आहेत. उगाच लफडं नको म्हणून मी परवानगीसाठी एका कचेरीत फोन केला.

"पतंग?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "केवढा?"

"दारापेक्षा मोठा."

"कसलं दार?"

"बैठकीचं."

"त्यावर माणूस बसणार आहे का?"

"नाही. रंगवलेला आहे एक."

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी मला दुसरा नंबर दिला, त्यांनी तिसरा, आणि तिसऱ्यानं अतिशय आदरानं पहिला. पहिल्या गृहस्थांनी आता माझा आवाज ओळखला. "फुकुशीसान," ते म्हणाले, "चक्क्यांपासून आणि दीपगृहापासून लांब उडवा. आमची हरकत नाही. परवानगीही नाही. पण हरकत नाही." मला हे उत्तर फार आवडलं. कियोएनं लग्नाला होकार दिला होता तो साधारण असाच होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बस निघाली. पतंग सामान ठेवायच्या जागेत मावेना. टपावर ठेवायला ड्रायव्हरनं साफ नकार दिला. शेवटी तो आत, बाकांच्या पाठींवर आडवा टाकला, आणि आमची निम्मी आळी सामुराईच्या हनुवटीखाली मान वाकवून बसली. न्हावी म्हणाला, "गिऱ्हाइकाची दाढी अशी खालून कधी पाहिली नव्हती." मास्तर मात्र ताठ, पहिल्या बाकावर. त्यांच्या मांडीवर एक पेटी होती.

"हे काय, मास्तर?" सोमासाननी विचारलं.

"वारा मोजायचं यंत्र. शाळेत होतं. निरोप समारंभात दिलं."

म्हणजे घड्याळ यांनाही मिळालं नव्हतं. क्षणभर मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

बसच्या खिडक्यांना सोमासाननी पांढऱ्या कापडाचे छोटे बाहुले टांगले होते. हवा चांगली राहावी म्हणून आमच्याकडे टांगतात ते. सरळ टांगले तर ऊन पडतं, उलटे टांगले तर पाऊसवारा येतो. सगळे डुलक्या घेताहेत असं पाहून मी माझ्या खिडकीतला बाहुला हळूच डोक्यावर उभा केला.

"फुकुशीसान," मागून सोमासानचा आवाज आला, "बाहुल्याला चक्कर येईल."

मी तो सरळ केला. त्याचाच हा सगळा परिणाम, असं मी पुढे बराच वेळ मानत होतो.

कारण ताप्पीला वारा नव्हता.

म्हणजे कमी होता असं नाही. नव्हताच. बसमधून उतरलो आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. समुद्र ताटात ओतल्यासारखा पडला होता. टेकडीवरच्या पवनचक्क्या हात पसरून स्तब्ध, वर्गाबाहेर शिक्षा भोगत उभ्या असलेल्या पोरांसारख्या. माकूळ मासळी भाजून विकणारी एक बाई होती, तिच्या शेगडीचा धूर दोरी टांगावी तसा सरळ वर चालला होता.

"असा दिवस मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून पाहिला नाही बाई!" ती म्हणाली. "तुम्ही कोण पुण्यवान माणसं आलात?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या वैऱ्यावरही आणणार नाही. लोक माझे आभार मानू लागले! पलीकडे होक्काइदो इतका स्वच्छ दिसत होता की न्हाव्याच्या बायकोला तिथली घरं दिसली. समोर आलेला प्रत्येक जण कमरेत वाकून म्हणे, "फुकुशीसान, काय हवा आणलीत हो!" न्हावी म्हणाला, "चार वेळा आलो, चारही वेळा धुक्यात स्वतःचा हात दिसला नव्हता." आणि मी प्रत्येकाला उलट वाकून म्हणत होतो, "छे, छे, माझं कसलं श्रेय." हे वाक्य इतक्या मनापासून मी कधीच उच्चारलं नव्हतं.

मास्तरांनी यंत्र उंच धरलं. त्यावरच्या चार इवल्याशा वाट्या जागच्या हलेनात.

"शून्य," ते म्हणाले. थोडं चालून पुन्हा धरलं. "शून्य." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं मी प्रामाणिकपणे सांगतो. आवाजात विज्ञान होतं. ते जास्त लागतं.

मंडळी टोक बघायला पांगली. बटण दाबलं की गाणारा दगड आहे तिथे. तो प्रत्येकानं एकेकदा गायला लावला. मग सगळे जिन्याचा महामार्ग बघायला गेले. आमच्याकडे हा एक प्रकार आहे. दीपगृहाच्या टेकडीवरून खाली बंदराकडे उतरणारा अरुंद जिना, पण सरकारदरबारी तो राष्ट्रीय महामार्ग. निळी पाटी, क्रमांक, सगळं रीतसर. फक्त मोटार सोडा, सायकलही जाऊ शकत नाही. सोमासान त्यावरून उतरून पुन्हा चढून आल्या आणि वर येऊन ओरडल्या, "महामार्गावर दम लागला!"

मी दीपगृहापासून बऱ्याच अंतरावर गवतात, पतंगाशेजारी बसलो होतो. सामुराई आभाळाकडे डोळे वटारून पडला होता. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

कियोए आली. तिनं भाताचा गोळा माझ्या हातात ठेवला आणि शेजारी बसली.

"आपण त्याला परत भिंतीवर लावू," मी म्हणालो.

"नको."

"मग माळ्यावर टाकू."

"तसंही नको." ती सामुराईकडे बघत होती. पाठ न करता, पहिल्यांदाच. "तो खाली बघतो ना, ते मला आवडत नाही. वरून बघू दे की त्याला. मला एकदा मान वर करून बघायचंय त्याच्याकडे."

लग्नातल्या पट्ट्याबद्दल तिनं आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. भाताच्या गोळ्यातलं आंबट फळ त्या दिवशी जरा जास्तच आंबट लागलं, डोळ्यांत पाणी आलं.

गोळा संपला. गोळ्याचा कागद मी गवतावर ठेवला. कागद चालू लागला.

आधी तो दोन पावलं गेला. थांबला. मग उठला आणि जिन्याच्या दिशेनं चालता झाला. मी वर पाहिलं. माकळीवाल्या बाईचा धूर मोडला होता. पश्चिमेला समुद्राचा रंग एका रेषेत गडद झाला होता आणि ती रेषा आमच्याकडे येत होती.

"अगं बाई," माकळीवाली म्हणाली, आणि शेगडीवर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवला. तिचं सगळं काम एका हालचालीत झालं. आम्हाला तेवढीसुद्धा फुरसत मिळाली नाही.

ताप्पीचा वारा येतो तो वाढत वाढत येत नाही. कुणीतरी दार लाथेनं उघडावं तसा येतो. न्हाव्याची टोपी गेली. न्हाव्याच्या बायकोची टोपी तिच्यामागे गेली, संसार म्हणतात तो हाच. टेकडीवरच्या पवनचक्क्या कुरकुरत फिरू लागल्या. मास्तरांच्या यंत्रावरच्या वाट्या हलल्या, फिरल्या, दिसेनाशा झाल्या, आणि मग त्यातली एक यंत्र सोडून स्वतंत्रपणे निघून गेली.

"किती, मास्तर?" मी ओरडलो.

"काय?"

"वारा किती?"

"तीन वाट्या!" ते ओरडले.

"धरा!" मी म्हणालो. कियोए आणि सोमासाननी पतंगाची दोन टोकं धरून तो उभा केला. मी दोरी मनगटाला गुंडाळली. "मी तीन म्हटलं की सोडा! एक—"

पतंगाला मोजता येत नव्हतं. तो गेला.

मी पळालो नाही. ही गोष्ट नमूद करून ठेवतो, कारण आळीत अजून उलटसुलट बोललं जातं. पतंग उडवणारा माणूस पळतो. मी नेला गेलो. माझा एक बूट गवतात राहिला. समोर टेकडीची कड, खाली जिन्याचा महामार्ग, त्याखाली बंदर, आणि माझ्या डोळ्यांसमोरून माझे सगळे हिशेब झरझर जात होते. तेवढ्यात माझ्या कमरेला मागून मिठी बसली.

"सोडू नका, फुकुशीसान!" नाराओका मास्तर ओरडत होते. "सोडू नका!"

मास्तरांच्या कमरेला न्हाव्यानं धरलं, न्हाव्याला त्याच्या बायकोनं, तिला सोमासाननी. आम्ही सगळे टाचा रोवून थांबलो. आणि मग वरून आवाज आला. आमच्या पतंगांना माथ्यावर कागदाची पट्टी ताणून बांधतात, ती वाऱ्यात घुमते. भिंतीवर तिनं कधी हूं केलं नव्हतं. आता अख्खं टोक त्या आवाजानं भरून गेलं. दात करकरा चावणारा माणूस खरोखर गुरगुरत होता! बंदरात माकळीच्या होड्या होत्या, त्यातल्या एकीनं भोंगा दिला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी.

कियोए थोडी पुढे एकटी उभी होती. केसांचा पार विस्कोट झालेला, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. ती हसत होती, पण वाऱ्यानं हसण्याचा आवाज आमच्यापर्यंत येऊ दिला नाही. नुसतं दिसत होतं.

नंतर सगळ्यांना दोरी हवी झाली. पाळ्या लागल्या. एका वेळी तिघांनी धरायची, बाकीच्यांनी बसच्या आडोशाला जेवायचं. मास्तर आपली पाळी संपली तरी दोरी सोडेनात. सोमासान म्हणाल्या, "मास्तर, पोरांनाही देतात की हो एकेकदा!"

मग ड्रायव्हर आला. "निघायची वेळ झाली. उतरवा आता."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पतंग चढवण्याविषयी आळीतल्या प्रत्येक घराला मत होतं. उतरवण्याविषयी कुणीच विचार केला नव्हता. ओढला तर तो जास्त जोरानं ओढे. ढील दिली तर आणखी वर जाई. न्हावी म्हणाला, दोरी बसला बांधा. ड्रायव्हर म्हणाला, बस होक्काइदोला न्यायची ऑर्डर नाही. मास्तर म्हणाले, जिन्याच्या कठड्याला बांधू आणि वारा पडेपर्यंत थांबू. पण तो कठडा राष्ट्रीय महामार्गाचा. मी कायद्याला मानणारा माणूस. दोरीवर आणखी दोघं होतेच, म्हणून एका हातानं दोरी धरून, बसच्या आडोशाला सरकून मी दुसऱ्या हातानं फोन लावला.

"फुकुशीसान!" पहिले गृहस्थ म्हणाले. "उडाला का?"

"उडालाय. राष्ट्रीय महामार्गाच्या कठड्याला बांधला तर चालेल का?"

पुन्हा कागद चाळल्याचा आवाज. "वाहतुकीला अडथळा होईल का?"

"इथे वाहनं येत नाहीत. जिना आहे."

"मग अडथळा कुणाला होईल?"

"कुणालाच नाही."

"मग ते माझ्याकडे येत नाही," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "कसा दिसतोय?"

मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी ओरडत नाहीये. ओरडायची गरज उरली नव्हती. वारा गेला होता. आला तसाच, दार ओढून घेऊन. दोरी माझ्या हातात सैल पडली. वर सामुराई क्षणभर थांबला, आणि मग कुठल्याही बागेकडे न बघता, मोठा माणूस जिना उतरतो तसा, डुलत डुलत, घाई न करता खाली आला आणि टेकडीच्या कडेमागे दिसेनासा झाला.

आम्ही सगळे धावलो. एक बूट नसल्यामुळे मी सगळ्यात शेवटी पोचलो.

तो महामार्गावर उतरला होता. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, आडवा, एकही काडी न मोडता. खालून चढून येणारं ओसाकाकडचं एक जोडपं त्याच्यापाशी अडकून उभं होतं. त्यांच्यामागे कॅमेरेवाली चार कॉलेजातली पोरं. वरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक जथा दुसऱ्या बाजूला थबकला होता. आणि मध्ये, पतंगाच्या उशाशी, नाराओका मास्तर गळ्यातला टॉवेल हातात घेऊन उभे होते. शाळेच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडून देतात तसा त्यांनी एक हात आडवा धरला होता.

"थांबा! महामार्ग बंद आहे!"

"कशामुळे?" ओसाकाच्या गृहस्थांनी विचारलं.

"आमचा पतंग उतरलाय."

त्या गृहस्थांनी वाकून ते डोळे, ते दात, तो थापलेला रंग नीट पाहिला. "हा? हा एवढा जड पतंग उडतो?"

मास्तर संतापले. कान लाल झाले त्यांचे. "उडतो का म्हणजे? मी विज्ञान शिकवलंय, महाराज! हा उडणार नाही तर कोण उडणार? विचारा, हे पाहा मालक आले!"

दोन्हीकडची वाहतूक माझ्याकडे बघू लागली. कुणीतरी वाकून नमस्कार केला. मी काही बोललो नाही. ज्याच्यासाठी एक राष्ट्रीय महामार्ग थांबलेला आहे त्यानं बोलायचं नसतं. मी दोन्ही बाजूंना बघून जराशी मान लववली, पायरीवर बसलो, आणि सावकाश, अगदी सावकाश, दोरी गुंडाळायला घेतली.